न चढलेला मासा

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या वाडीत दोनच गोष्टींचं बोलणं चाले. वापसा कधी येतोय आणि चढण कधी लागतीय. वापसा मोठ्यांचा, चढण आम्हा पोरांची.

आमची वाडी तळेगाव ढमढेऱ्यापासून दोनेक कोसांवर, एका ओढ्याच्या काठाला. ओढा वेळ नदीला मिळतो. वेळ खेड तालुक्यातल्या डोंगरांतून निघते आणि तळेगावच्या खालच्या अंगाला भीमेत जाते. नाव नदीचं, पण त्या काळी वर्षातले सातआठ महिने तिच्यात वाळूच असायची. ओढ्याची तर गोष्टच सोडा. पण पावसाचं गढूळ पाणी ओढ्यातून नदीला, नदीतून भीमेला जाऊन भिडलं, की भीमेच्या डोहांत उन्हाळा काढलेले मासे उलटे निघत. पोटात अंडी घेऊन, पाण्याच्या अंगावर चालून, खडकावरनं उड्या मारत ते थेट आमच्या बांधाच्या चारीपर्यंत येत. ह्याला म्हणायचं चढण. पाटी, फाटकं लुगडं, पोत्याचा तुकडा, जे हाताला लागेल ते घेऊन पोरं ओढ्यात उभी.

ह्या माशांना इथल्या लोकांनी दिलेली नावं फार जुनी. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांवर 1839 साली लिहिलं, तेव्हा कोळस, खुद्री असली इथल्या तोंडची नावं त्यानं लॅटिन नावांना जोडून टाकली. ती अजून तशीच आहेत. पुण्याच्या पूर्वेला मुळामुठेत मिळालेला खुद्री त्यानं जगाला दाखवला. ती मुळामुठा आमच्याच तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. सांगायचं एवढंच, की आम्ही लुगड्यात धरायचो त्या माशांचे भाऊबंद लंडनच्या कागदांवर गेलेले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

तर अशाच एका चढणीला मी अकरा वर्षांचा होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोनतीन वर्षं गेली असतील. नदीकडचे एक म्हातारे भोई ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावून बसलेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सगळे मासे खडकाच्या खळखळाटात घुसत होते आणि एक वीतभर खवल्या मासा मात्र कडेच्या संथ पाण्यात वरच्या वर फिरत होता. पोट टम्म. मी हात घातला तरी बुडी मारेना. वर बांधावर बगळा बसलेला, त्याचं लक्ष त्याच्यावरच.

मी म्हटलं, "मामा, ह्यो गाभुळलेला दिसतोय. अंडी असतील पोटात."

मामांनी मासा हातात घेतला, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "आंडी न्हाईत पोरा. ह्यो चढायचा न्हाई. ह्याच्या पोटात दुसराच बसलाय."

विळीनं पोट फाडलं. आत लेंग्याच्या नाडीसारखी पांढरी चपटी पट्टी, घडी घालून कोंबलेली. ओढली तर माशापेक्षा लांब निघाली आणि हातात वळवळली. अंड्यांच्या जागी काही नव्हतंच. मामांनी ती नाडी आणि तो मासा दोन्ही बांधावर फेकले. बगळ्यानं आधी मासा उचलला.

"ज्याचं व्हतं त्याला गेलं," मामा म्हणाले आणि विळी पाण्यात धुतली.

हे वाक्य कळायला मला पुढं तीसेक वर्षं लागली. पुण्यात नोकरीला असताना वाचनाचा नाद लागला आणि एका पुस्तकात ह्या नाडीसारख्या कृमींची हकिगत सापडली. अशा कृमींपैकी एकाचं नाव लिग्यूला. त्याची अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली बारीक पोरं सायक्लॉप्स आणि त्याच्या जातीचे डोळ्याला जेमतेम दिसणारे पाणकिडे गिळतात. पाणकिडा मासा खातो. माशाच्या पोटाच्या पोकळीत कृमी महिनोन्‌महिने वाढतो आणि माशाची अंडी-वीर्य वाढूच देत नाही. पण तिथं त्याचं लग्न लागत नाही. त्यासाठी त्याला पक्ष्याच्या गरम पोटात जावं लागतं. तिथं गेला की थोड्याच दिवसांत अंडी घालून मोकळा. आणि असा मासा खोल पाणी सोडून कडेला, वरच्या थरात येतो. नेमका बगळ्याच्या चोचीखाली.

कॅलिफोर्नियाच्या खाडीतल्या छोट्या माशांवर लॅफर्टी आणि मॉरिस ह्या दोघांनी 1996 साली लिहिलेला प्रयोग तर प्रसिद्धच आहे. तिथला कृमी माशाच्या मेंदूवर जाऊन बसतो. असे मासे पृष्ठभागाजवळ अंग झटकतात, कुशीवर होऊन चमकतात. काही मासे पक्ष्यांना मोकळ्या कुंपणात ठेवले, काही जाळीनं झाकलेल्या कुंपणात. मोकळ्या कुंपणातले कृमीवाले मासे निरोग्यांपेक्षा दहा ते तीस पट जास्त उचलले गेले. लांबच्या वाटेवरच्या माशांनाही हे चुकलेलं नाही. युरोपच्या नद्यांतली ईल, आपल्या वामेसारखी लांबोळकी, अंडी घालायला पार अटलांटिकच्या पलीकडं सारगासो समुद्रात जाते. 1980 नंतर आशियातल्या ईलबरोबर एक कृमी तिकडं पोचला. तो तिच्या हवेच्या पिशवीत राहून रक्त पितो. ज्या पिशवीच्या जोरावर हजारो किलोमीटर पोहायचं तीच कातडं होऊन बसते.

हे वाचताना मला मासा आठवला, मामा आठवले, आणि पाठोपाठ आबांचा पाय आठवला. मग पुस्तक मिटून ठेवलं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्या पायाला त्या उन्हाळ्यात नारू झाला होता. आजच्या पोरांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं, ही चांगलीच गोष्ट आहे. भारतातला शेवटचा रोगी 1996 च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त ठरवला. त्याच्याआधी महाराष्ट्रातल्या कोरडवाहू गावांना तो घरच्यासारखा होता. घोट्याजवळ नाहीतर पोटरीवर फोड येतो. फोड फुटतो आणि त्यातून सुतळीसारखा जंत डोकं काढतो. हात-दीड हात लांब. तो काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोट ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. औषध नव्हतं, लस नव्हती, आणि आजही नाही.

पण खरी गोष्ट त्या फोडाची आहे. तो नुसता दुखत नाही, जळतो. निखारा बांधल्यासारखा जळतो. आणि पाण्यात पाय घातला की थंड पडतो. माणसानं पाण्यात पाय घालावा एवढंच त्या जंताला हवं असतं. पाणी लागलं की मादी दुधासारखा ढग सोडते, त्यात लाखो पिल्लं. ती गिळतो सायक्लॉप्स. तोच, माशाच्या गोष्टीतला. दोनेक आठवड्यांत पिल्लं तयार होतात, ते पाणी माणूस पितो, आणि वर्षभरानं त्याच्या पायाला फोड येतो. फेडचेन्को नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं 1870 च्या सुमाराला जंताची पिल्लं सायक्लॉप्समध्ये शिरताना पाहिली. ते पाणी प्यायल्यानंच माणसाला नारू होतो हे 1913 साली आपल्या मुंबईत डॉ. तुरखूड यांनी प्रयोग करून दाखवलं.

म्हणजे हे सगळं माहीत होतं. आमच्या वाडीतही माहीत होतं. शाळेतल्या गुरुजींनी फळ्यावर बारव काढली होती, पायऱ्या काढल्या होत्या, पायरीवर उभा माणूस काढला होता आणि त्याच्यावर फुली मारली होती. पारावर मोठ्यांनाही सांगितलं होतं, की नारूवाल्यानं बारवेत उतरू नये आणि बायकांनी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावं. आबा त्या बैठकीला होते. गुरुजींच्या समोरच बसले होते.

आणि आबा बारवेत उतरले. भर दुपारी, वाडीतली माणसं पेरणीच्या धांदलीत असताना. काठी टेकत अकरा पायऱ्या खाली गेले आणि पाणी होतं त्या पायरीवर गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसले. पाण्याला आलेल्या एका म्हातारीनं पाहिलं आणि आरडाओरडा केला. आबा उठले नाहीत. ती पुढं सांगायची, की आबांचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर असं समाधान होतं, की तिलाच क्षणभर काही बोलवेना.

पाणी तर प्यावंच लागणार. हापसा होता, पण तो वरच्या आळीला आणि निम्मा वेळ बंद. फडकी आठ दिवस बांधली गेली, मग कंटाळा. पुढच्या वर्षी रोहिणी नक्षत्रात वाडीत एकामागून एक पाय सुजायला लागले. माझ्या शेजारच्या घरातला माझा जिवाभावाचा सवंगडी, त्याच्या गुडघ्याजवळ निघाला. त्याच्या बापानं घाईनं ओढला, तुटला. ते पोरगं चार महिने खाटेवर होतं. गुडघा पुढं कधी पुरता वाकला नाही. ती चढण त्यानं खाटेवरनं ऐकली.

आबांना वाडीनं वाळीत टाकलं नाही, पण त्यांच्या हातचा पाण्याचा तांब्या कुणी घेईना. माझ्या आईनं सुद्धा. "कळत असून केलं," हे एकच वाक्य. मीही तेच म्हणत मोठा झालो. आबा भेटले की वाकून नमस्कार करायचो आणि मनात म्हणायचो, कळत असून केलं.

माशाला आपण तसं म्हणत नाही. वर तरंगणाऱ्या माशाला कुणी मूर्ख म्हटलं, तरी पापी म्हणत नाही. त्याच्या पोटात दुसराच बसलाय. मग आबांच्या पायात काय होतं? हा प्रश्न मला पुस्तक मिटल्यावर चिकटला तो सुटेना.

गावाकडं ह्या बाबतीतला न्याय मोठा गमतीचा असतो. जत्रेत एखादीच्या अंगात आलं आणि तिनं पाटलाला चार शिव्या हासडल्या, तर पाटील हात जोडतो. बोलणारी ती नव्हेच. तोच पाटील दारुड्याचं "मी न्हवतो, दारू बोलत व्हती" हे ऐकून घेत नाही, खाली पाडून हाणतो. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर आपण कुत्र्याला मारतो, पण त्याचा राग येत नाही. आतला दुसरा कुणाचा मानायचा आणि कुणाचा नाही, हे आपण सोयीनं ठरवत आलोय.

आणि शास्त्रज्ञांतही ह्यावर एकमत नाही बरं का. कृमी माशाला मुद्दाम हाकतो म्हणणारे आहेत. दुसरे म्हणतात, हाकत-बिकत काही नाही, मासा आजारी आहे, भुकेला आहे, आत जागा उरलेली नाही, म्हणून तो सोप्या पाण्यात येतो, आणि ते कृमीच्या पथ्यावर पडतं. मला सुरुवातीला पहिलंच बरं वाटलं. हाकणारा सापडला की आबा सुटतात. पण नारूच्या जंतानं आबांच्या मेंदूला हातही लावला नव्हता. आबा तेच होते, शहाणे, गुरुजींचं ऐकलेले. जंतानं फक्त जाळलं. वेदना आणि पाण्याची पायरी ह्यांच्यात आबांना उभं राहायला जागा होती. माशाला ती नसावी. आबांना होती. किती होती, एक पाऊल की अकरा पायऱ्या, हे तो पाय स्वतःचा असल्याशिवाय कसं मोजणार?

इथपर्यंत मी बरीच वर्षं येऊन थांबत होतो. विचार करणाऱ्या माणसासारखं वाटायचं. आता जे सांगायचंय ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

नारूचा पाय गार करायला बारव लागत नाही. एक बादली पुरते. पाय बादलीत बुडवायचा आणि ते पाणी लांब उकिरड्यावर ओतायचं. हेही गुरुजींनी सांगितलं होतं. पण बादली भरून आणायची कुणी? त्या वेळी आमच्याकडं पाणी म्हणजे बायकांच्या डोक्यावरचं ओझं होतं. पिण्याचं, भांड्याचं, जनावरांचं, आणि वर पायाचं दिवसातनं चार वेळा? चुलती पेरणीवर, आई पेरणीवर. आजीला बारव चढवत नव्हती. म्हणून ते काम माझ्याकडं होतं. शाळेतून आलो की हापशावरनं, तो बंद असला तर बारवेतनं, आबांच्या पायाला बादली आणायची. पंधरा दिवस मी आणली. कधी कुरकुरत, कधी निम्मीच. आबा पाय आत सोडायचे आणि "देवा" म्हणायचे. एवढंच.

त्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, "आबाच्या पायाला पाणी आनून दे आन मंग कुटं जायाचं तितं जा." मी बादली उचलली आणि तेवढ्यात ओढ्याकडनं पोरांचा कालवा आला, चढण लागली, चढण लागली. बादली मी गोठ्याच्या आडोशाला ठेवली. विसरलो नव्हतो. ठेवली. म्हटलं, घटकाभरानं आणतो. मग खडक, मग लुगडं, मग मामा, मग तो फुगलेला मासा आणि त्याच्या पोटातली नाडी. उन्हं कलली तेव्हा पाटीभर मासे घेऊन वाडीत आलो, तर बारवेपाशी माणसं जमलेली.

कुणी मला बादलीचं विचारलं नाही. आजीनं रात्री ती गोठ्यातनं उचलून आणली आणि जागेवर ठेवली. माझ्याकडं पाहिलं नाही. आबांनी जन्मभर तो विषय काढला नाही. ते वारले त्याच्या आधीच्या दिवाळीत मी धीर करून विचारलं, "आबा, त्या दिवशी तुम्हाला गुरुजींचं सांगनं आठवलं न्हाई का?"

आबा बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत होते. मग म्हणाले, "आठवलं की. हरेक पायरीला आठवलं."

मी म्हटलं, "माझी बादली..."

"लहान व्हतास," आबा म्हणाले आणि चुलतीला चहा टाकायला सांगितला.

लहान होतो, हे खरं. मलाही आतून कुणी तरी ओढलंच होतं. चढणीची ओढ काय असते ते ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक. मासा जीव टाकून वर येतो आणि पोरगं जीव टाकून त्याच्याकडं पळतं. पण माझ्या पोटात दुसरा कुणी बसला नव्हता, एवढं मला नक्की माहीत आहे. आबांना प्रत्येक पायरीला आठवत होतं आणि मला ओढ्यात एकदाही आठवलं नाही. दोघांत जास्त कोण दोषी, ह्याचा निवाडा मी अनेकदा करून पाहिला. प्रत्येक वेळी वेगळा येतो. एक मात्र बदललं, की "कळत असून केलं" हे मला आता कुणाच्याही बाबतीत पटकन म्हणवत नाही. दारुड्याच्याही नाही. लोक म्हणतात, मी मऊ झालोय.

बारव आता नाही. आधी तिच्यावर कठडा आणि रहाट आला, पायऱ्या बुजवल्या. चासकमानचं पाणी तालुक्यात आलं, ऊस आला, नळ आले, आणि पुढं कुणाच्या तरी घराच्या पायाला तिचे दगड गेले. चढणही पहिल्यासारखी राहिलेली नाही. खाली उजनी, मधे कोल्हापुरी बंधारे. मासा भिंतीला डोकं आपटून खालीच अंडी टाकत असेल.

मागच्या आषाढात वाडीला गेलो होतो. सवंगडी अंगणात खुर्ची टाकून, तो पाय समोर पसरून बसला होता. पाऊस झिमझिमत होता. सत्तरीकडं निघालेली आम्ही दोन माणसं. मी त्याला बादलीचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. सांगताना घसा कोरडा पडला. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही.

झाल्यावर म्हणाला, "चढन लागल्याचं तुला सांगाया कोन आलं व्हतं?"

मी म्हटलं, "कालवा ऐकला पोरांचा."

"मी आलो व्हतो," तो म्हणाला. "गोठ्यापातुर. बादली कशाला घेतो म्हनलो, पाटी घे."

मला हे आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. तो गुडघ्यावरून हात फिरवत राहिला, मग सुनेला हाक मारून म्हणाला, पावनं जेवूनच जातील, भाकरी टाक.